चौथा नंबर, चाळीस सेंटिमीटर आणि बाकीची पत्रं

टोकियोत १३ ते २१ सप्टेंबर २०२५ या दिवसांत जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यानंतरच्या पंधरवड्यात या सदराकडे एवढी पत्रं आली की संपादकांनी या वेळी पानं वाढवून दिली. गुडघेदुखी, स्पाइक्सचा नंबर, खेळाडूचा डबा हे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन. हा अंक टोकियोचा.

नव्या वाचकांना ओळख म्हणून सांगते, मी नागपुरात ३३ वर्षं शाळेत खेळ शिकवला. शालेय, जिल्हा आणि विभागीय स्पर्धांत पंच म्हणून उभी राहिले ती त्याहूनही जास्त वर्षं. बहुतेक वेळा भालाफेकीच्या नाहीतर लांब उडीच्या ठिकाणी, टेपचं एक टोक हातात धरून. त्यामुळे माझी उत्तरं त्या टोकाकडून येतात.

"मॅडम, नीरज आठवा आला, भारताला एकही पदक नाही. आपले पोट्टे तिथं काय करून राहिले होते? आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात, हे सपशेल अपयश आहे. तुम्ही काय म्हणता?"
— निवृत्त एसटी कर्मचारी, सक्करदरा

भाऊ, पदक नाही हे खरं आहे. पण अपयश म्हणण्याआधी निकालपत्रक खालपर्यंत वाचा, एवढीच विनंती. आपण सगळे तीन ओळी वाचतो आणि कागद घडी करतो.

१८ सप्टेंबरच्या भालाफेकीचं पत्रक बघा. त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट ८८.१६ मीटर, सुवर्ण. ग्रेनेडाचा अँडरसन पीटर्स ८७.३८, रौप्य. अमेरिकेचा कर्टिस थॉम्पसन ८६.६७, कांस्य. आता चौथी ओळ: सचिन यादव, भारत, ८६.२७. हा बागपत जिल्ह्यातल्या खेकड्याचा मुलगा. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिल्याच प्रयत्नात त्यानं आयुष्यातली सगळ्यात लांब फेक केली. त्याच्या खाली पाचवा आहे जर्मनीचा युलियन वेबर, ज्यानं त्याच्या तीनच आठवडे आधी झ्युरिकला ९१.५१ मीटर फेकला होता. पॅरिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता अर्शद नदीम दहावा आहे.

सचिन आणि कांस्यपदक यांच्यात ४० सेंटिमीटर. किती असतात ४० सेंटिमीटर? नातवाच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी जमिनीवर ठेवा आणि तिच्या पुढे आपला पंजा आडवा टेकवा. तेवढेच. भाल्याची स्वतःची लांबीच २.६ ते २.७ मीटर असते. ८६ मीटर उडत गेलेला भाला आपल्या लांबीच्या सहाव्या हिश्शानं कमी पडला. याला तुम्ही अपयश म्हणाल, तर मला तुमच्याशी भांडावं लागेल.

नीरजबद्दलही लिहिते, कारण पत्रांत त्याला बरंच बोलून घेतलं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ८७.५८ मीटर फेकून त्यानं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते याच टोकियोत, याच मैदानावर. २०२२ मध्ये ओरेगॉनला जागतिक रौप्य, २०२३ मध्ये बुडापेस्टला ८८.१७ मीटरसह जागतिक सुवर्ण. २०२५ च्या मे महिन्यात दोह्याला ९०.२३, आयुष्यात पहिल्यांदा नव्वदीपार. टोकियोला तो दुखरी पाठ घेऊन उतरला. ८४.०३ ही त्याची सर्वोत्तम फेक ठरली, दोन फेकी फाऊल गेल्या आणि पाचव्या फेरीनंतर त्याला थांबावं लागलं. पाठीत कळ असताना भाला फेकणं म्हणजे काय, ते ज्यानं पुढचा पाय रोवून एकदा तरी फेकला आहे त्यालाच कळेल. धावत आल्याचा सगळा वेग त्या एका पायावर थांबतो आणि कंबरेतून वर चढतो. कंबर नाही म्हणाली की हात काही करू शकत नाही.

आता सेंटिमीटरवरून एक जुनी गोष्ट. नव्वदच्या दशकात नागपुरातल्याच एका मैदानावर शालेय स्पर्धा होती, मुलींची भालाफेक. आयोजकांनी दिलेली टेप कापडी, दोन ठिकाणी सांधलेली. भाला टोचला त्या खुणेवर मी शून्याचं टोक दाबून बसले होते. दुसरा पंच कमानीपाशी, म्हणजे फेकताना ओलांडायची नसते त्या वाकड्या रेषेपाशी, टेप ओढून आकडा वाचत होता. तरुण होता, जोर लावून ओढायचा. कापडी टेप ओढली की ताणते. ताणली की तिच्यावरचे सेंटिमीटर लांब होतात आणि आकडा कमी दिसतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण दुपारचं ऊन होतं, मुली तीसेक होत्या, मी बोलले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मुलीत तीन सेंटिमीटरचा फरक निघाला. चौथी माझ्यापाशी आली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, पुन्हा मोजता का?" तोवर पुढची फेक होऊन गेली होती आणि कोणाच्या तरी पायाखाली खूण बुजली होती.

पुढच्या आठवड्यात मी इतवारीतून स्वतःच्या पैशानं ५० मीटरची पोलादी टेप आणली. ती अजून माझ्याकडे आहे. वापरून झाली की ओल्या फडक्यानं पुसते, कोरडी करते, खोबरेल तेलाचा हात फिरवते आणि मगच गुंडाळते. मोठ्या स्पर्धांत आता टेप नसते. खुणेवर काचेचा प्रिझम लावलेला दांडा ठेवतात आणि यंत्र किरणानं अंतर मोजतं. सेंटिमीटरच्या खालचा अंश सोडून देतात. त्या यंत्राकडून कोणत्याही मुलीवर अन्याय होत नाही, आणि दर वेळी टीव्हीवर तो दांडा दिसला की मला ती बुजलेली खूण आठवते.

"१४० कोटींच्या देशाला एक पदक मिळू नये? लाज वाटते."
— वर्धा रोडवरचा एक तरुण वाचक

लोकसंख्येनं पदक मिळत असतं तर या भालाफेकीचा निकाल असा लागलाच नसता. रौप्यविजेत्या पीटर्सच्या ग्रेनेडाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे. आपलं जामठ्याचं स्टेडियम ४५ हजारांचं. सगळा ग्रेनेडा देश आणून बसवला तरी ते तिसऱ्यांदा पुरतं भरणार नाही. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळालं उरुग्वेच्या हुलिया पातेर्नाइनला. तिच्या देशाचं या स्पर्धेतलं हे पहिलंच पदक. उरुग्वेत साधारण ३५ लाख माणसं राहतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाखांवर होती.

मग फरक कुठे पडतो? वॉलकॉट आणि पीटर्स दोघंही कॅरिबियन बेटांवरचे. तिथं १९७२ पासून कॅरिफ्टा नावाची कुमारांची स्पर्धा भरते. शाळेतलं पोर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाऊन स्पर्धा खेळतं आणि गाव त्याची वाट बघतं. हे दोघंही त्याच स्पर्धेतून वर आले. आमच्या शाळेत मुलं होती सहाशे आणि भाले दोन, दोन्ही बांबूचे. त्यातल्या एकाचं टोक निघालेलं होतं, ते आम्ही सुतळीनं बांधून वापरायचो. तेही पावसाळ्यात कपाटात बंद, कारण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना भाला हरवण्याची भीती होती. सहाशेपैकी पाचशे मुलांनी भाल्याला कधी हात लावला नाही. त्यांच्यात कोण होतं, हे आता कोणालाच कळणार नाही. लाज वाटायचीच असेल तर मला या गोष्टीची वाटते.

"माझी मुलगी आठवीत आहे, उंच उडी छान मारते. सर्वेश कुशारेची उडी टीव्हीवर बघून तिला तशीच पाठीवरून उडी शिकायची आहे. शाळेत मॅट नाही, रेतीचा खड्डा आहे. सर म्हणतात, रेतीतच शिकवू. शिकू देऊ का?"
— एक आई, नंदनवन

ताई, नको. हे उत्तर आधी वाचा, बाकीचं सावकाश वाचा. पाठीवरून मारायची उडी, जिला फॉसबरी फ्लॉप म्हणतात, ती जाड फोमच्या मॅटशिवाय शिकवायची नाही. एकदासुद्धा नाही. तिच्यात अंग मानेवर आणि खांद्यांवर उतरतं. माझ्या ओळखीतल्या एका शाळेत एका मुलीला अशीच रेतीत उडी मारायला लावली होती. गळपट्टीचं हाड मोडलं. ती वाचली, पण त्यानंतर तिनं मैदानाकडे पाठ फिरवली ती कायमची.

ही उडी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीनं २.२४ मीटर मारून जगाला दाखवली. ती शक्य झाली कारण तोवर खाली रेतीऐवजी फोम आला होता. त्याआधीची माणसं पायांवर उतरायची, उतरावंच लागायचं.

सर्वेशचं मात्र मुलीला जरूर सांगा, कारण ते आपल्या मराठी घरांत सांगण्यासारखं आहे. नाशिक जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा. गावात मॅट नव्हती, म्हणून त्याच्या शिक्षकांनी मक्याचा भुसा भरून गादी केली आणि पोरगा तिच्यावर उड्या मारायला शिकला. तो मुलगा टोकियोत जागतिक स्पर्धेच्या उंच उडीच्या अंतिम फेरीत गेला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. तिथं त्यानं २.२८ मीटर ओलांडले, आयुष्यातली सर्वोत्तम उडी मारली आणि सहावा आला. सुवर्ण न्यूझीलंडच्या हामिश केरला, २.३६. रौप्य कोरियाच्या वू सांग-ह्योकला, २.३४. कांस्य चेकियाच्या यान स्टेफेलाला, २.३१. सहाव्या नंबराला पदक नसतं, पण त्या रात्री मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

२.२८ किती हे मुलीला असं दाखवा. घराच्या दाराची चौकट साधारण दोन मीटर असते. तिच्यावर एक वीत ठेवा, आणि त्या वितीवर चार बोटं. एवढ्या उंचीवरून, हात न लावता, पाठीवर.

भुशाची गादी करू का, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आधीच सांगते: शिक्षक रोज समोर उभे राहणार असतील, ते रोज ती गादी उलटीपालटी करणार असतील आणि खालचा भाग घट्ट झाला की भुसा बदलणार असतील, तरच. नाहीतर तूर्त तिला कात्री उडी शिकू द्या, एकेक पाय वरून नेत पायांवर उतरण्याची. ती रेतीत चालते. कात्रीनं धावेचा शेवटचा वळसा आणि टेक-ऑफचा पाय पक्का होतो, आणि तेच पुढे फ्लॉपला लागतं. मानकापूरच्या क्रीडा संकुलात जाऊन तिथल्या प्रशिक्षकांना मॅटच्या वेळा विचारा. आठवड्यातून एकदा रिंगरोडनं तेवढं जावं लागेल, पण तिची मान सलामत राहील.

"पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये पहिल्या दोघांची वेळ एकच, २ तास ९ मिनिटं ४८ सेकंद. मग एकाला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य कसं? दोघांना सुवर्ण का नाही?"
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा

कारण वेळ बघून नंबर लावत नाहीत. नंबर आधी लागतो, वेळ नंतर लिहितात. टांझानियाचा अल्फोन्स सिम्बू आणि जर्मनीचा अमानाल पेट्रोस ४२ किलोमीटर धावून स्टेडियमच्या शेवटच्या सरळ रेषेत आले तेव्हा पेट्रोस पुढे होता. शेवटच्या काही मीटरांत सिम्बूनं त्याला गाठलं. अंतर निघालं सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात, ०.०३. टांझानियाचं या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण. रस्त्यावरच्या शर्यतीत वेळ पूर्ण सेकंदात देतात, वर अंश राहिला तर पुढचा सेकंद धरतात, म्हणून कागदावर दोघं एकाच वेळेत दिसतात.

हे ठरतं फोटो-फिनिशच्या कॅमेऱ्यानं. तो सगळं मैदान बघत नाही. अंतिम रेषेवरची केसाएवढी पट्टी तेवढी बघतो आणि एका सेकंदात त्या पट्टीची हजारो चित्रं घेऊन एकाला एक जोडत जातो. म्हणजे त्या लांबलचक फोटोत डावीकडून उजवीकडे जागा नसते, काळ असतो. अभियांत्रिकीला आहेस म्हणून एवढं लिहिलं, तुला हे आवडेल. पंच त्यावर उभी रेघ सरकवत नेतात आणि धड कुठे लागलं ते बघतात. डोकं, हात, पाय मोजत नाहीत. फक्त धड. म्हणून धावपटू शेवटी छाती पुढे झोकतात.

आमच्याकडे हे यंत्र नव्हतं. आम्ही हाती घड्याळं घेऊन पायऱ्यांच्या स्टँडवर एकावर एक बसायचो. पहिल्या नंबरावर तीन घड्याळं. दोन जुळली तर तीच वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. आणि स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं, आवाज ऐकून नाही. १०० मीटरवरून आवाज यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. नवा पंच हमखास आवाजावर दाबायचा आणि त्याच्या घड्याळात गल्लीतलं पोरगं देशाचा विक्रम मोडायचं. यशवंत स्टेडियमवर एकदा मी अशी वेळ खोडायला लावली, तेव्हा त्या मुलाचे वडील माझ्याशी बोलेनासे झाले. मला वाईट वाटलं, पण चुकीची वेळ घेऊन तो मुलगा पुढच्या स्पर्धेला गेला असता तर त्याला जास्त वाईट वाटलं असतं.

०.०३ वाचून ज्यांना पी. टी. उषा आठवली, अशी चार पत्रं आहेत. मलाही आठवली. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळे. तिसरी रोमानियाची कोजोकारू ५५.४१, चौथी उषा ५५.४२. मी तेव्हा कॉलेजात होते. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलींनी मैदानावर फक्कीनं रेषा मारली आणि तिच्यावर छाती कशी टाकायची याचा दिवसभर सराव केला. कोणी शिकवायला नव्हतं. गुडघे फुटले सगळ्यांचे.

"अविनाश साबळे कुठे होता? आम्ही मूळचे बीडच्या आष्टी तालुक्यातले, आमच्या घरी त्याच्यासाठी पहाटे उठतात."
— मनीषनगरचं एक कुटुंब

तो दवाखान्यातून बाहेर पडून पुन्हा चालायला शिकत होता. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची. जुलैत मोनॅकोला त्या पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्यामुळे टोकियो हुकलं. त्याआधी मे महिन्यात त्यानं कोरियात गुमीला आशियाई अजिंक्यपद जिंकलं होतं, आणि त्याची ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची वेळ हा देशाचा विक्रम आहे.

तो नसलेली शर्यतही बघण्यासारखी झाली. न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशनं मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीला ०.०७ सेकंदानं मागे टाकलं. हाच बीमिश प्राथमिक फेरीत पडला होता आणि मागून येणाऱ्याचा स्पाइक्सचा बूट त्याच्या तोंडावर पडला होता. तो उठला आणि पात्र ठरला. तुमच्या घरी हे सांगा. गुडघ्याला वेळ लागतो, घाई करू नका, आणि पहाटे उठायची सवय मोडू नका.

"१०० मीटरच्या अंतिम फेरीत बोत्स्वानाच्या टेबोगोला बंदुकीआधी सुटला म्हणून एका चुकीवर बाहेर काढलं. आमच्या शाळेत तर पहिल्यांदा सोडतात."
— नववीतला विद्यार्थी, कामठी

२०१० पासून नियम कडक आहे. एकदा आधी सुटलास की बाद, अंतिम फेरी असली तरी. बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत पायानं ठोकळ्यावर जोर दिला तरी ते आधी सुटणंच धरतात, कारण एवढ्या लवकर आवाज ऐकून कोणी हलू शकत नाही असं मानलं आहे. उरलेल्यांत जमैकाचा ऑब्लिक सेव्हिल ९.७७ सेकंदांत पहिला आला, दुसरा त्याचाच देशबांधव किशेन थॉम्पसन ९.८२, तिसरा अमेरिकेचा नोआ लाइल्स ९.८९. २०१५ मध्ये बोल्टनं जिंकल्यानंतर जमैकाकडे हा किताब पहिल्यांदाच आला, आणि बोल्ट प्रेक्षकांत बसून बघत होता. तुमच्या शाळेत सोडतात, तरी तू सुटू नकोस. एका जागी थरथर न करता थांबणं हाही सराव असतो.

"बांबू उडीतला (पोल व्हॉल्ट) स्वीडनचा डुप्लांटिस विक्रम दर वेळी एकच सेंटिमीटर का वाढवतो? एकदम १० सेंटिमीटर का नाही?"
— सहावीतली वाचक, प्रतापनगर

तुझा प्रश्न मला फार आवडला, बाळा. २०२० मध्ये त्याचा पहिला जागतिक विक्रम ६.१७ मीटरचा होता. टोकियोत तो झाला ६.३०, चौदावा. म्हणजे चौदा वेळा, दर वेळी एक सेंटिमीटर. विक्रमाला दर वेळी वेगळं बक्षीस असतं, हे एक कारण मोठी माणसं सांगतील आणि ते खरं आहे. पण दुसरंही आहे. दांडी किती उंच ठेवायची ते उडी मारणाराच सांगतो, आणि तीन प्रयत्न चुकले की खेळ संपतो. टोकियोत ६.३० वर दोनदा दांडी पडली, तिसऱ्या उडीत तो वरून गेला. १० सेंटिमीटर वाढवले असते तर?

६.३० मीटर म्हणजे २० फूट ८ इंच. तुझ्या घरासमोर दोन मजली घर असेल तर त्याच्या गच्चीकडे बघ आणि एका लवचिक दांड्यावर लटकून तिथवर जायचं आहे असं समज.

"मी काटोलची, बारावीत आहे, भाला फेकते. विभागीय स्पर्धेत मी चौथी आले, तिसरीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. माझ्या सहा फेकी: ३४.१०, फाऊल, फाऊल, ३३.७५, फाऊल, ३४.९२. घरचे म्हणतात, आता अभ्यास कर, भाला बस झाला. सचिन यादव चौथा आला तेव्हा मी रडले. मी काय करू?"

बेटा, तुझं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण तुझ्यासाठी मला पत्रक दोनदा वाचायचं होतं. सहा फेकींत तीन फाऊल. मला दोन सेंटिमीटर दिसतच नाहीत, मला हे तीन फाऊल दिसतात. अर्धी स्पर्धा तू मोजून घेतलीच नाहीस.

फाऊल कमानीवर पाय पडल्यामुळे झाले असतील, तर तुझी धाव मोजलेली नाही. तू अंदाजानं उभी राहतेस. पहिल्या फेकीला जरा जपून धावतेस, पुढे चवताळतेस, पावलं लांब होतात आणि रेषा पायाखाली येते. नीरज बघ, भाला सुटला की तो पुढे हातांवर कोसळतो. तरी रेषेच्या आत राहतो, कारण पुढचा पाय कुठे रोवायचा ते त्यानं कोसळायची जागा धरून ठरवलेलं असतं. तुलाही रोवलेल्या पायापुढे दीड ते दोन मीटर सोडावे लागतील. आधी भाल्याशिवाय धावत ये, दहा वेळा, आणि मैत्रिणीला पाऊल कुठे पडतं तिथं फक्की टाकायला सांग. दहा खुणा एका ताटाएवढ्या जागेत आल्या की मगच भाला हातात घे. भाला ६०० ग्रॅमचाच घे. मुलांचा ८०० ग्रॅमचा शाळेत पडलेला असतो म्हणून तो फेकू नकोस, कोपर जाईल.

घरच्यांना अभ्यासाचं बरोबर वाटतं, त्यांच्याशी भांडू नकोस. वॉलकॉटचं मात्र सांग. १९ वर्षांचा असताना त्यानं २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. जागतिक सुवर्ण मिळालं ते आता, १३ वर्षांनी. एका बारावीच्या वर्षानं भाला पळून जात नाही. आठवड्याचे तीन दिवस, पहाटेचा एक तास, एवढंच माग. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर संपादकांकडून निरोप पाठव.

आणि तुझी फेक कोणत्या टेपनं मोजली होती, ते आठवतं का? कापडी की पोलादी? आठवत नसेल तरी हरकत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी सकाळी साडेसहाला रवीनगरच्या विद्यापीठ मैदानावर असते. काटोलहून पहिल्या एसटीनं निघालीस तर सातपर्यंत पोचशील. भाला, पाण्याची बाटली आणि किलोभर फक्की घेऊन ये. टेप मी आणते. तू फेकशील, मग खुणेवर वाकून शून्याचं टोक तूच धरायचं. ओढायचं काम माझ्याकडे.